मार्ता नाही, फॉर्मिगा

"ब्राझीलच्या महिला फुटबॉलचा विषय निघाला की सगळे मार्ताचं नाव घेतात, तुम्ही मात्र सारखी फॉर्मिगा फॉर्मिगा करता. का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मार्ता मलाही आवडते. 2007 च्या विश्वचषकात ब्राझीलनं अमेरिकेला 4-0 हरवलं, त्यातला तिचा शेवटचा गोल आजही अंगावर काटा आणतो. पण तो सामना पुन्हा लावा आणि बॉलकडे बघूच नका. 8 नंबरच्या जर्सीकडे बघा, ती मधल्या फळीतली फॉर्मिगा. फुल-बॅक, म्हणजे कडेची बचावपटू, पुढे धावली की तिची मोकळी जागा कोण भरतं, सुटलेला बॉल कुणाच्या पायाशी येतो, ते बघा. मार्ता, क्रिस्तियाने या आघाडीच्या खेळाडू बिनधास्त पुढे जायच्या, कारण मागे ही होती.

फॉर्मिगाचा जन्म 1978 चा, ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरातला. ब्राझीलमध्ये 1941 पासून बायकांच्या फुटबॉलवर सरकारी बंदी होती, ती उठली 1979 मध्ये. म्हणजे ही जन्मली तेव्हा तिचा खेळच बेकायदा होता! सतराव्या वर्षी ती 1995 चा विश्वचषक खेळली आणि 2019 पर्यंत एकही चुकवला नाही. सात विश्वचषक, सात ऑलिंपिक. दोनदा ऑलिंपिक रौप्य मिळालं, सुवर्ण कधीच नाही. 2016 नंतर तिनं राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली होती, पण संघाला गरज पडली आणि ती परतली.

2015 चा दक्षिण कोरियाविरुद्धचा गोल तर मी मुलींना मुद्दाम दाखवते. बचावपटूनं मागे ढिला पास दिला. तो ढिला पडणार हे फॉर्मिगानं आधीच ताडलं होतं, म्हणून बॉलपाशी तीच पहिली पोचली. वय 37. मधल्या फळीत पायांच्या आधी डोकं धावावं लागतं, ते असं.

2019 मध्ये फ्रान्सकडून हरल्यावर मार्तानं देशातल्या मुलींना कळकळीनं बजावलं होतं की आम्ही कायमच्या नाही. तेव्हा तिनं पहिलं नाव घेतलं फॉर्मिगाचं.

देशासाठीचा फॉर्मिगाचा शेवटचा सामना आपल्या भारताविरुद्धच झाला, नोव्हेंबर 2021 मध्ये, ब्राझीलमधल्या मानाउसला. आपण 6-1 हरलो. आपल्या मनीषा कल्याणनं बरोबरीचा गोल केला तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. मग दुसऱ्या सत्रात फॉर्मिगा मैदानात उतरली आणि तिच्यासाठीही मी तेवढ्याच जोरात टाळ्या वाजवल्या.