उन्हाळ्यातला लॉग: बूस्ट तेवढाच, ताकद कमी

माझ्या गाडीच्या सेन्सरचे हिवाळ्यातले आकडे आधीच नोंदवून ठेवले होते. आता ऊन चांगलंच तापलंय, म्हणून तोच रस्ता, तोच तिसरा गिअर आणि दोन हजार आरपीएमपासून पूर्ण थ्रॉटल असा तुलनेचा लॉग काढला. गाडी तीच: चार सिलिंडरचं दीड लिटरचं डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल इंजिन, एक्झॉस्टच्या जोरावर फिरून आत जाणारी हवा दाबणारा छोटा टर्बो, आणि ती दाबलेली हवा थंड करणारा, बंपरमागे वाऱ्यावर थंड होणारा इंटरकूलर. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, त्याचा मॅप (सेटिंग) कंपनीचाच, त्याला हात लावलेला नाही.

पहिली गोष्ट, बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, जवळजवळ तेवढाच येतोय. नुसतं गेज बघितलं तर गाडीला काही झालंय असं वाटणारच नाही. पण गाडी तशी ओढत नाही. गेज दाब दाखवतं, आत गेलेल्या हवेचं वजन दाखवत नाही. दाब तोच ठेवून हवा तापवली की तेवढ्याच जागेत ती कमी मावते आणि तिच्यासोबत ऑक्सिजनही कमी येतो. समुद्रसपाटीला १५ अंशांवर एक घनमीटर कोरडी हवा १.२२५ किलो भरते. ४० अंशांवर १.१३ किलोच्या आसपास. आठ टक्के फिल्टरच्या तोंडाशीच गेले.

पुढे कॉम्प्रेसर, म्हणजे टर्बोचा हवा दाबणारा भाग. गेजवर एक बार धरा, म्हणजे दाब साधारण दुप्पट, आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के. २० अंशांची हवा आत घेतली तर ती ११० च्या थोडी वर तापून बाहेर पडते. ४० अंशांची घेतली तर १३८ च्या आसपास. बाहेरचा २० अंशांचा फरक कॉम्प्रेसरच्या पलीकडे २६ होतो, कारण दाबताना होणारी वाढ ही आत येणाऱ्या हवेच्या केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात असते. इंटरकूलर यातलं बरंच परत घेतो, पण बाहेरच्या हवेपेक्षा थंड तो काहीच करू शकत नाही. त्याची परिणामकारकता ७० टक्के धरली तर मॅनिफोल्डकडे, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांकडे, हिवाळ्यात ४८ अंशांची हवा जाते आणि उन्हाळ्यात ६९ अंशांची. माझे चालत्या गाडीतले आकडे या कागदावरच्या हिशेबाच्या बरेच जवळ आले, आणि ते बघून खरंच आनंद झाला.

मात्र ताकदीचा मोठा हिस्सा हवेच्या वजनात जात नाही, टाइमिंगमध्ये, म्हणजे ठिणगी कधी पडते त्यात जातो. लॉगमधला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा कॉलम तोच. सिलिंडरमध्ये ठिणगीपासून पेटत जाणारी ज्वाळा कोपऱ्यातल्या मिश्रणापर्यंत पोचायच्या आधीच ते मिश्रण स्वतःहून भडकलं, की नॉक होतो. आत येणारी हवा जितकी गरम, तितका हा धोका जवळ. म्हणून ईसीयू दोन पायऱ्यांत सावध होतो: इनटेकचं तापमान वाढलेलं दिसलं की ठिणगी आधीच थोडी उशिरा देतो, आणि तरीही नॉक सेन्सरला खडखड ऐकू आली तर आणखी मागे खेचतो. ठिणगी उशिरा म्हणजे पिस्टन खाली निघाल्यावर दाब तयार होतो. टॉर्क पडतो आणि वाया गेलेली उष्णता एक्झॉस्टमधून बाहेर पडते. तिथे टर्बोचं टर्बाइन (एक्झॉस्टने फिरणारं चाक) बसलेलं आहे, तेही जास्त तापतं, आणि बॉनेटखालची हवा आणखी गरम होते.

हे सगळ्यात स्पष्ट दिसलं ते ट्रॅफिकमध्ये अडकल्यानंतर. गाडी उभी, इंटरकूलरमधून वारा नाही, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर शेजारीच तापलेले. मोकळा रस्ता मिळाल्यावर पहिलं ओढणं फार मवाळ होतं; टाइमिंग नेहमीपेक्षा ठळकपणे मागे. थोडं अंतर वेगात गेल्यावर ते हळूहळू परत आलं. इथे एक सावधगिरी सांगतो: आयडलवर दिसणारं इनटेक तापमान पूर्ण खरं मानू नका. हवेचा प्रवाह इतका कमी असतो की सेन्सर आजूबाजूच्या धातूची उष्णताही पकडतो. थ्रॉटल दिल्यावर आकडा झपकन खाली येतो, तुलना त्यानंतरच करावी. आणि सेन्सर टर्बोच्या आधी आहे की मॅनिफोल्डवर, हे बघितल्याशिवाय दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा लावू नये.

उन्हाळ्यात गेलेली ताकद बूस्ट वाढवून परत आणायचा सल्ला मला अजिबात पटत नाही. छोटा टर्बो जास्त फिरवला की तो आपल्या कार्यक्षम पट्ट्यातून बाहेर जातो आणि हवा दाबण्यापेक्षा तापवायला लागतो. मग नॉक जवळ येतो, टाइमिंग आणखी मागे. गरम दिवशी हवा थंड ठेवण्यावरच काम करावं.

तेच केलं. इंटरकूलर आणि बंपर यांच्यातल्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बंद केल्या, कारण वाऱ्याला कडेने निसटायची वाट असेल तर तो जाळीतून जाणारच नाही. इंटरकूलरच्या बारीक पत्र्यांमधली धूळ आणि किडे मऊ ब्रशने आणि हलक्या पाण्याने काढले. डाउनपाइपला, म्हणजे टर्बोतून निघणाऱ्या एक्झॉस्टच्या नळीला, उष्णता अडवणारं हीट शील्ड बसवलं. वेगात असतानाचं तापमान थोडंसंच उतरलं, पण ट्रॅफिकनंतर टाइमिंग परत यायला लागणारा वेळ चांगलाच कमी झाला. फोमचा वाटा यात सगळ्यात मोठा, असं माझं मत.

पाणी वापरून हवा थंड करायची कल्पना जुनी आहे. ओल्ड्समोबाइलची जेटफायर ही टर्बो गाडी १९६२ ला आली तेव्हा तिच्यात इंटरकूलर नव्हता. नॉक टाळायला पाणी आणि मेथनॉलचं मिश्रण आत सोडायचे. बीएमडब्ल्यूच्या एम४ जीटीएसमध्येही पाण्याचा फवारा होता. एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण २२५० किलोज्यूल लागतात, पेट्रोलच्या कितीतरी पट, म्हणून थोडंसं पाणीही बरीच उष्णता ओढून घेतं.

मी इतक्यात आत पाणी सोडणार नाही. पुढचा लॉग जास्त ऑक्टेनच्या, म्हणजे सहज नॉक न होणाऱ्या पेट्रोलवर काढायचा आहे, टाकी जवळजवळ रिकामी करून, ईसीयूला जुळवून घ्यायला थोडं अंतर देऊन, आणि बाहेरचं तापमान आजच्याइतकंच असताना. त्यात बूस्टचा कॉलम मी शेवटी बघेन, टाइमिंगचा आधी.