पहाटेचे तीन

पाळी थांबल्यापासून दोन वर्षं मला रोज रात्री तीनला जाग यायची. मग उजाडेपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं आणि दिवसभर घरातल्यांवर खेकसायचं. वारीचं ठरवलं ते भक्तीपेक्षा हट्टानं. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या होत्या, "तुझ्याच्यानं दिवेघाट व्हायचा नाही."

चैत्रापासून तळजईवर चालायला लागले. आधी चार किलोमीटर, मग दहा. मे महिन्यात पाठीवर सॅक घेऊन आतकरवाडीतून सिंहगड. वजन जेमतेम दोन किलो उतरलं. पण चौथ्या आठवड्यात एकदा डोळे उघडले ते थेट साडेपाचला. घड्याळ बंद पडलंय असंच वाटलं. खेकसणंही कमी झालं असावं, कारण लेक म्हणाला, "आई, बरं नाही का तुला?"

आळंदीहून निघताना घमेंड होती. ती पुण्यात पोचेपर्यंत उतरली. सराव केला होता भरभर चालायचा, आणि दिंडीत दहा पावलं चाला, पाच मिनिटं उभे राहा. रथ थांबला की सगळं थांबतं. उभं राहूनच पोटऱ्या आणि कंबर भरून आली. याचा सराव तळजईवर कुठून होणार? सासवडचा टप्पा तीस किलोमीटरच्या वर, त्यात एकादशी. राजगिऱ्याचा लाडू आणि दोन केळी यांवर घाट चढले. वर पोचल्यावर जाऊबाईंना फोन लावला, पण रेंजच नव्हती.

खरी फजिती जेजुरीला झाली. वाटेत आडोसा मिळत नाही म्हणून आम्ही बायका पाणीच कमी पितो. मीही तेच केलं. डोकं भणभणलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. आरोग्य पथकातल्या मुलीनं जलसंजीवनी पाजली आणि चांगलं झापलं. महागाचे बूट पावसात भिजून टाचेला फोड आले होते, तेही तिनंच बांधून दिले. पुढची वाट रबरी चपलेवर.

लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. अश्व दौडून गेला आणि शेजारच्या दिंडीतल्या एका अनोळखी माऊलीनं माझे हात धरले. शाळा सुटल्यापासून फुगडी घातली नव्हती. चौपन्नाव्या वर्षी घातली, पायातल्या पट्टीसकट. संध्याकाळी टाच ठणकली, पण तक्रार करायला तोंड नव्हतं.

आणि तीन वाजता? "टँकर आलाऽ" अशी हाक यायची. अंधारात बायकांची आंघोळीची रांग, हातात बादली, दात वाजताहेत. राहुटीत नऊला पाठ टेकली की कुणाचा पाय पाठीत रुततोय तेही कळत नसे.

पंढरपुरात कळसाला हात जोडून परतले. घरी पहिल्याच रात्री तीनला जाग आली. डोक्यावर पंखा फिरत होता आणि माझा हात पलंगाखाली बादली चाचपत होता. एकटीच हसले, कूस बदलली. उठले ती दूधवाल्यानं बेल वाजवल्यावर.