डुप्ले नव्हे, द्युप्लेक्स!

पॅरिसच्या मेट्रोत कुणाला "डुप्लेला कुठे उतरायचं?" असं विचारू नका. शाळेत पाठ केलेला, पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले तिथे कुणाच्या ओळखीचा नाही. मी तिघांना विचारलं, तिघांनी खांदे उडवले. शेवटी गाडीतला आवाज बोलला, "द्युप्लेक्स". बायको म्हणाली, "अहो, हा तर आपल्या कॉलनीतला दोन मजली फ्लॅट!"

पण ते दुपारी. सकाळचं आधी.

आम्ही सातारकर. रघूजी भोसल्यांनी १७४१ मध्ये त्रिचनापल्ली घेतली आणि अर्काटच्या नवाबाच्या जावयाला, चंदासाहेबाला, साताऱ्यात आणून कैदेत टाकलं. तो सुटल्यावर त्यालाच अर्काटच्या गादीवर बसवण्याचा डाव मांडला तो पाँडिचेरीच्या डुप्लेनं. तेव्हा पॅरिसला जाऊन त्याच्या नावाचं स्टेशन न बघता परत यायचं म्हणजे काय! मेहुण्यानं जुना छापील नकाशा दिला आणि सांगितलं, "सेनापतींची नावं असलेले सगळे रस्ते दीड तासात चालून होतात." मेहुणा स्वतः टॅक्सीनं फिरला होता, हे नंतर कळलं.

सुरुवात पोर्त दोफिनपासून, मेट्रो २ चं शेवटचं स्टेशन. नकाशात ॲव्हेन्यू ब्युझो. ब्युझो म्हणजे अल्जिरियात गावंच्या गावं जाळणारा सेनापती. अर्धा तास हिंडलो, ब्युझो सापडेना. २०२४ मध्ये त्याचं नाव काढून रस्त्याला ह्युबेर जेर्मँ हे नाव दिलंय. हे जेर्मँ १९४२ मध्ये लिबियाच्या वाळवंटात बीर हाकेमला जर्मन सेनापती रोमेलच्या फौजेविरुद्ध लढले होते. आणि बीर हाकेम हे डुप्लेच्या अलीकडचं मेट्रो स्टेशन! हे आधी ठाऊक असतं तर सकाळ वाचली असती. रस्ता म्हणाल तर सरळसोट, श्रीमंती, कंटाळवाणा. तुम्ही हा भाग गाळा, थेट त्रोकादेरोला उतरा. हेही लढाईचंच नाव बरं का, १८२३ मध्ये फ्रेंचांनी जिंकलेला स्पेनमधला काडिझजवळचा किल्ला. तिथे लोक आयफेलकडे तोंड करून फोटो काढतात, आम्हीही काढले.

आणि तिथेच आम्ही फसलो. पाय बोलायला लागले होते म्हणून सायकलरिक्षा केली. "डुप्ले, किती?" त्यानं दहा बोटं दाखवली. दहा युरो, ठीक. गाणी लावून, घंटी वाजवत त्यानं सीन नदीवरच्या इएनाच्या पुलावरून पलीकडे नेलं आणि उतरल्यावर मागितले एकशेचाळीस. दर मिनिटाला दहा, मिनिटं चौदा! बायको मराठीतून भांडली, तो कुठल्या भाषेतून भांडला देव जाणे. चाळीसवर सुटलो. रात्री झोपेतही मी हिशोब करत होतो. सायकलरिक्षात बसूच नका. बसायचंच असेल तर एकूण रक्कम कागदावर लिहून घ्या, बोटांवर विश्वास ठेवू नका.

एवढं अंतर खरं तर चालत जायचं, कारण खरा मजकूर तिथेच आहे. आयफेलच्या पायथ्याशी जे शाँ द मार्स मैदान आहे, त्याच्या एका अंगाला ॲव्हेन्यू सुफ्राँ आणि दुसऱ्या अंगाला ॲव्हेन्यू ला बुर्दोने. फ्रेंच आरमारी अधिकारी ला बुर्दोनेनं १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास घेतलं, खंडणी घेऊन परत द्यायच्या गोष्टी केल्या, त्यावरून डुप्लेशी बिनसलं. मायदेशी गेल्यावर बक्षीस काय, तर बॅस्टिलचा तुरुंग! फ्रेंच आरमाराच्याच सुफ्राँनं १७८२-८३ मध्ये कोरोमंडलच्या किनाऱ्यावर इंग्रज आरमाराला घाम फोडला. डुप्लेला १७५४ मध्ये परत बोलावलं आणि १७६३ मध्ये तो पॅरिसमध्येच कफल्लक मेला. डुप्ले आणि ला बुर्दोनेला जिवंतपणी धडपणे वागवलं नाही, मेल्यावर मात्र रस्ते दिले. पाट्या वाचून यातलं काही उलगडत नाही, म्हणून घरून वाचून जा.

स्टेशनची अपेक्षा मात्र ठेवू नका. रस्त्याच्या मधोमध लोखंडी खांब, वर गाडी, खाली खडखडाट. हिंदुस्थानचं नावनिशाण नाही. जवळ पाँडिचेरीच्या नावाची गल्ली आहे. मी तिथे उभा राहून फोटो काढून घेतला, तेवढंच समाधान. पुढे दोन स्टेशनांवर कांब्रॉन लागतं. वॉटर्लूवर शरण या म्हटल्यावर नेपोलियनच्या या सेनापतींनी म्हणे एकच शिवी हासडली. रिक्षावाल्याच्या वेळी ती मला येत असती तर बरं झालं असतं.

तिकिटाचं: २०२५ मध्ये मेट्रोचं तिकीट अडीच युरो होतं. तिकिटं भरून घ्यायचं नाविगो ईझी कार्ड माणशी वेगळं घ्या, एका कार्डावर दोघं जाऊ नका. रस्त्याकडेची शौचालयं फुकट आहेत, हिरव्या कारंज्यांचं पाणी पिण्याचं आहे. मनोऱ्याजवळ बाटलीला चार युरो मोजणारे आम्हीच शहाणे.

व्हर्साय, बोटीतली सफर वगैरे छान झालं.

डुप्ले स्टेशनच्या पुढे, त्याच खांबांखाली बाजार भरतो. चीज, मासळी, भाजी, सगळं असतं म्हणे. भरतो बुधवारी आणि रविवारी सकाळी. आम्ही गेलो मंगळवारी.