थांबलेली हवा

रात्री साडेदहा. उद्या किनाऱ्यावरच्या शूटिंगचं ध्वनिमुद्रण आहे, म्हणून आजचं पान वाऱ्याला.

कॉलर माइक, म्हणजे कलाकाराच्या छातीवर लावायचा इवलासा माइक, कुर्त्याच्या आत गेला म्हणजे वाऱ्यापासून वाचला, ही समजूत सेटवर सर्रास आढळते. तसं होत नाही. मलमल, जॉर्जेट यांतून वारा आरपार जातो. जे घट्ट विणीचं कापड वारा अडवतं, ते आवाजाची धारही खातं. स, श, च बोथट होतात. वर वाऱ्याने फडफडणारं कापड माइकच्या तोंडावर आपटत राहतं, आणि हे दुखणं उघड्या माइकला नसतंच. माइकला आडोसा हवा तो थांबलेल्या हवेचा. सान्केनच्या सीओएस-११डी माइकची जाडी ४ मिमी, डीपीए ६०६०ची ३ मिमी. एवढ्याशा कॅप्सूलभोवती, म्हणजे माइकच्या आवाज टिपणाऱ्या टोकाभोवती, काही मिलिमीटर हवा शांत राखायची, बाकी सगळी खटपट त्यासाठीच.

आधी हेडफोन लावून दुखणं ओळखावं. कलाकार निश्चल उभा असताना झुळकीबरोबर खालच्या पट्टीत घुमल्यासारखं, धपधप ऐकू आलं तर तो वारा. हात हलवल्यावर खसखस आली तर कापड. चालताना बारीक ठक्‌ ठक्‌ आली तर वायर. तिन्हींचा इलाज निराळा. खसखशीवर फर, म्हणजे वारा अडवणारं केसाळ कापड, चढवून उपयोग नाही, उलट जाडी वाढते आणि घासणं वाढतं. वारा पडलेला असला तर फूटभरावरून पुठ्ठ्याने छातीवर वारा घालून पाहावं. तोंडाने फुंकू नये, त्याने थुंकी उडते आणि अंदाजही चुकतो.

आता लावण्याची पद्धत. एक इंच रुंदीच्या कापडी टेपचा साधारण १२ सेंमी तुकडा घ्यायचा, चिकट बाजू बाहेर ठेवून समोशासारखी त्रिकोणी घडी घालत जायची. असे दोन त्रिकोण. त्यांच्या मधोमध माइक, पण जाळी, म्हणजे आवाज आत जातो ते माइकचं तोंड, टोकाबाहेर २-३ मिमी मोकळी. जाळीवर टेप आला की आवाज डबा होतो आणि घाईत नेमकं तेच होतं. एक त्रिकोण बाहेरच्या कापडाला चिकटतो, दुसरा बनियनला किंवा त्वचेला. दोन्ही थर एकमेकांना बांधले गेले की घासायला काही उरत नाही. माइकखाली चार सेंमीवर वायरचा दोनेक सेंमीचा सैल वळसा घालून तोही टेपने धरायचा, म्हणजे कमरेच्या ट्रान्समीटरचा (माइकचा आवाज बिनतारी पाठवणाऱ्या डबीचा) हिसका कॅप्सूलपर्यंत पोचत नाही.

एवढ्याने कापड आवरलं, वारा अजून बाकी आहे. त्यासाठी जाळीवर आधी छोटा फोम, त्यावर फरची चकती, केस बाहेरच्या बाजूला. फरचे केस हलतात, वाऱ्याचा जोर त्यांत जिरतो आणि आतली हवा जागची हलत नाही. कपडा जाड असेल तर मेकअप स्पंजची दोन-अडीच सेंमीची कडी कापून माइक मधल्या भोकात बसवावा. कडीच, झाकण नव्हे! हा स्पंज दाट असतो, तो जाळीवर आला तर वरचे सूर गिळतो. कडीचं काम फक्त कापड उचलून धरायचं.

जागा उरोस्थीवर, हनुवटीखाली १५ ते २० सेंमी. हे माइक बहुतेक सर्व दिशांनी ऐकणारे असतात, त्यामुळे जाळी खाली वळवली तरी आवाज फारसा जात नाही आणि नाकातून येणारा श्वास चुकतो.

साडीचं प्रकरण वेगळं. माइक पदराखाली ब्लाउजच्या कडेला जातो आणि किनाऱ्यावर पदर शिडासारखा भरतो. पदर खांद्यावर पिनअप असला तरी छातीवरचा भाग मोकळाच राहतो. तिथे आतून टेपचे दोन तुकडे लागतात. जरीचा काठ माइकवरून जात असेल तर पदराच्या निऱ्या बोटभर सरकवून घ्याव्यात, कारण जरी खरखरते. हे ड्रेसदादांशी आदल्या दिवशी बोलून ठेवायचं काम आहे. कलाकार तयार होऊन उभी राहिल्यावर पदराला हात घालणं बरं नव्हे. स्त्री कलाकाराला माइक लावायला शक्यतो स्त्री सहायक असावी, आणि कुणालाही लावताना विचारूनच लावावा. घामट त्वचा स्पिरिटने पुसून, वाळू देऊन मगच टेप.

फरच्या दहा चकत्यांपेक्षा कलाकाराचं तोंड कुठे आहे याने जास्त फरक पडतो. कोकणात दुपारी जमीन तापली की वारा समुद्राकडून येतो, म्हणजे पश्चिमेकडून. कलाकार समुद्राकडे पाठ करून उभा राहिला तर त्याचंच शरीर माइकचा आडोसा होतं, आणि मागे समुद्र दिसल्यामुळे दिग्दर्शकालाही फ्रेम मिळते. उन्हं कलली की ऊन मागून येईल, केस पुढे उडतील. ते कॅमेऱ्याच्या आणि मेकअपच्या लोकांशी ठरवून घ्यावं. लांबलचक संवाद सकाळी उरकून घेणं उत्तम, दुपारचा वारा अजून चढलेला नसतो. लाटांची गाज मात्र फरने कमी होत नाही. तो खरा आवाज आहे, हवेचा धक्का नव्हे.

लो-कटवर, म्हणजे खालचे सूर कापणाऱ्या फिल्टरवर, फार विसंबू नये. ८० ते १०० हर्ट्झवर ठेवला तर चालतो. १५०ला नेला की पुरुषाचा आवाज पातळ होतो. झोताने कॅप्सूल किंवा ट्रान्समीटरचा पहिला टप्पाच भरून गेला तर आवाज तिथेच फाटतो, आणि त्या फाटण्याचे सूर बोलण्याच्या पट्टीत चढतात. मग खालचं कितीही कापा. कितीही मोठा आवाज न फाटता साठवणारा ३२-बिट फ्लोट रेकॉर्डरही तिथे हतबल, कारण फाटलेलं त्याच्याकडे फाटूनच येतं. बोलणं रेकॉर्डरच्या मीटरवर सरासरी −२० डीबीच्या आसपास ठेवून झोतासाठी वर जागा सोडावी.

आणि शंका आली की टेक संपताच, कलाकार त्याच भावात असताना, गाडीच्या आडोशाला नेऊन तेच संवाद वाइल्ड ट्रॅक म्हणून, म्हणजे कॅमेऱ्याविना नुसता आवाज, घ्यावेत. पाच मिनिटं लागतात. डबिंगच्या खोलीत तो श्वास पुन्हा मिळत नाही.

फरबद्दल एक राहिलं. घामाने, खोबरेल तेलाने केस चिकटले की ती नुसती कापडाची टिकली उरते. कपडे बदलले की चकतीही नवी. ओली झालेली गरम हवेने वाळवू नये, केसांच्या गुठळ्या होतात. पंख्याखाली ठेवून मग जुन्या टूथब्रशने केस उभे करावेत. उद्यासाठी आठ चकत्या डबीत आहेत, चार पांढऱ्या, चार काळ्या, सगळ्या कोरड्या.