चिठ्ठ्या मी टाकल्या

आमच्या वाचनालयाच्या माळ्यावर एक लोखंडी कपाट, तीन ट्रंका आणि ऑइलपेंटनं 'वस्तुसंग्रह' असं रंगवलेलं एक फळकूट आहे. गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं. वाचनालय 'ब' वर्गाचं. अनुदानातून पगार आणि पुस्तकं कशीबशी भागतात; अडकित्ते, समया आणि फुटक्या दौती सांभाळायला त्यात रकाना नाही. कधीकाळी हायस्कूलच्या कुणा मास्तरांनी घरोघर फिरून या वस्तू गोळा केल्या होत्या. ते गेले आणि माळ्याला कुलूप लागलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवत होते. निवृत्त झाले त्याच महिन्यात ग्रंथपाल म्हणाले, "बाई, आता तुम्हाला वेळ आहे. वरचं जरा बघता का?" त्या 'जरा'ला आता सहा वर्षं झाली.

पहिल्या आठवड्यात आम्ही पाच जण होतो: मी, निवृत्त पोस्टमास्तर, हार्डवेअरच्या दुकानाचे मालक आणि कॉलेजच्या दोन मुली. दिवाळीच्या साफसफाईला चढावं तसे माळ्यावर चढलो. तांब्या-पितळेचं जे दिसलं ते चिंच लावून घासलं. बायकांना हे शिकवावं लागत नाही, आणि तेच नडलं. जुन्या धातूवर बसलेला काळपट-हिरवट थर म्हणजे नुसती घाण नव्हे. कित्येकदा आतल्या धातूचं तोच राखण करतो. हे मला वर्षभरानं कळलं.

पण चिंचेहून मोठा घोळ वेगळाच. प्रत्येक वस्तूला सुतळीनं एक चिठ्ठी बांधलेली होती. चहाच्या रंगाचा कागद, जांभळी पेन्सिल, कडा कसरीनं खाल्लेल्या. बहुतेकींवर नुसता आकडा: १७, ४१, ६३. मी मुलींना म्हटलं, "काढून टाका गं, आपण नवीन छान करू." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घंटागाडीत गेल्या. टाकायला मीच सांगितलं होतं, मुलींनी नुसतं ऐकलं.

पाच महिन्यांनी खालच्या खोलीत, जुन्या हिशेबवह्यांच्या गठ्ठ्यात, मास्तरांची नोंदवही सापडली. क्रमांक, वस्तू, कुणाकडून, कधी, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात एकेक ओळ. क्रमांक ४१ समोर लिहिलं होतं: 'अडकित्ता. देणाराच्या आजीचा. प्लेगात गाव सोडून माळावर झोपडीत राहिले तेव्हा बरोबर नेलेला.' घर सोडताना त्या बाईनं अडकित्ता उचलला होता. मी ट्रंक उघडली. आत नऊ अडकित्ते होते. नऊही लख्ख.

त्या रात्री मला झोप लागली नाही. औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं संग्रहालय आम्ही शाळेच्या सहलीला दर दोन वर्षांनी बघायचो. तिथल्या चित्रांपुढे मुलं आ वासून उभी राहायची. आमच्याकडे तसलं डोळे दिपवणारं काही नाही. आमच्याकडे होत्या त्या फक्त शेऱ्याच्या ओळी, आणि त्यांची वस्तूशी असलेली गाठ मी तोडून बसले होते.

मग उलटा प्रवास सुरू झाला. वही हातात, वस्तू समोर, आणि मधला दुवा नाही. काही गोष्टी गणितानं सुटल्या. वहीत धान्याच्या मापांचा एक संच होता: निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर. ट्रंकेत पाचाऐवजी अकरा मापं एकात एक अडकून बसलेली. ही मापं दुपटीनं चढत जातात, दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, असं शेरापर्यंत. घरून पाच किलो तांदूळ नेले आणि दुपारभर भरत-ओतत बसले. पाच मापं एकमेकांशी बरोबर जुळली. उरलेल्या सहांमध्ये दुपटीचा मेळ कुठेच बसेना. म्हणजे तो संच हाच. १९५८ नंतर किलो आले आणि ही मापं हळूहळू पोह्यांच्या डब्यात जाऊन बसली. आजही आमच्या बाजारात म्हाताऱ्या 'चिपटंभर' म्हणतात, पण चिपटं दाखवा म्हटलं की हसतात.

तांब्याच्या एका वाटीला तळाशी बारीक भोक होतं. हार्डवेअरवाले म्हणाले, "बाई, उद्या डाग देऊन आणतो, दोन मिनिटांचं काम." नशीब, दुसऱ्या दिवशी त्यांचं दुकान बंद होतं. वहीत मला 'घटिकापात्र' सापडलं. जोशीपण करणाऱ्या घरातून आलेलं, लग्नाच्या मुहूर्तासाठी वापरलेलं. पाण्यावर ठेवायचं, भोकातून पाणी आत येतं, पात्र बुडालं की एक घटका झाली. दिवसाच्या साठ घटका, म्हणजे एक घटका चोवीस मिनिटांची. बादलीत सोडून आम्ही पाच जण भोवती बसलो. मुलींनी मोबाइलवर वेळ लावली. पात्र बुडालं एकवीस मिनिटं चाळीस सेकंदांनी. पोस्टमास्तर म्हणाले, पूर्वीची माणसं घाईची असतील. मला मात्र भोकातून फिरलेला माझा चिंचेचा हात आठवत होता. किती लग्नं या वाटीनं लावली असतील, आणि सव्वादोन मिनिटं मी एका दुपारी घासून काढली असतील!

बाकीच्या वस्तूंसाठी माणसांकडे जावं लागलं. एकादशीला विठ्ठलाच्या देवळात या वस्तूंचं ताट मांडून बसायचो. पहिल्या खेपेस मी विचारलं, "हे दिव्याचं झाकण असेल ना हो आजी?" आजी म्हणाल्या, "व्हय बाई." पुढच्या आजीही "व्हय." तिसऱ्या आजी बिचकत म्हणाल्या, "तुमी म्हंता तर आसंल." गावात निम्म्या लोकांना मी पाढे शिकवलेत, मला नाही कोण म्हणणार? तेव्हापासून तोंडाला कुलूप. वस्तू हातात द्यायची आणि गप्प बसायचं. गप्प बसलं की हात बोलतात. एका आजींनी तेच झाकण उलटं धरलं, बोटं आपोआप कडेवर गेली आणि म्हणाल्या, "आमच्या सासूबाई यात कुंकवाखाली मेण ठिवायच्या."

तिसऱ्या ट्रंकेत रुमाल होते. रुमाल म्हणजे दप्तराचे, कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. उघडल्यावर गावात लगेच बातमी: शिवाजी महाराजांचं पत्र सापडलं! इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी वाईला हाती लागलेल्या, पानिपतच्या काळातल्या पत्रांवरून १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, हे या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, आपल्या माळ्यावरही एक पानिपत पडलेलं आहे. आमच्या रुमालात निघाली एका सावकाराची खतं, म्हणजे कर्जा-गहाणाचे लेखी कागद.

ती वाचायला मी मोडी शिकले. पुराभिलेख विभागाच्या वर्गात अक्षरओळख झाली, पण खरं शिक्षण घरी, भिंगाखाली. आधी पूर्ण ओळभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची; शब्द तोडायचे नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत. पहिल्या चार महिन्यांत माझी मजल सुरुवातीच्या 'श्री' पासून शेवटच्या 'लेखनसीमा'पर्यंत, मधलं सगळं अंधारात. तारखांनी मात्र मला धरून ठेवलं. एका खतावर 'सन खमस तिसैन मया व अलफ' आणि 'छ ५ रजब' असं होतं. अरबी आकडे शब्दांत, एककापासून सुरुवात: पाच, नव्वद, शंभर, हजार. ११९५. हा शुहूर सन, मृगाला सुरू होतो, शेतकऱ्याच्या वर्षासारखा. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. मी घाईनं ५९९ मिळवून १७९४ लिहिलं. मग रजब हा मुसलमानी महिना त्या वर्षी कुठे पडला ते जंत्रीत पाहिलं, तर जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे १७९५. मराठ्यांची निजामाशी झालेली खर्ड्याची लढाई ११ मार्च १७९५ ची! माझे हात थरथरायला लागले. पुढचा मजकूर लागायला तीन दिवस गेले. कुणीतरी एक म्हैस गहाण टाकली होती.

हे मी हसत सांगते, पण रुमालांनी एक अवघड प्रश्न पुढे ठेवला. खतांत ज्यांच्या जमिनी गहाण पडल्या त्यांची आडनावं गावात आजही आहेत. घेणाऱ्यांचीही आहेत. हार्डवेअरवाल्यांचं मत, सगळं काचेखाली लावा, इतिहास आहे. पोस्टमास्तर म्हणाले, मी आयुष्यभर लोकांची पत्रं बंद पाकिटात पोचवली. शेवटी आम्ही म्हशीचं खत लावलं, जमिनीची खतं वाचून-नोंदवून आत ठेवली. ज्यांच्या घराण्याचं आहे त्यांनी मागितलं तर दाखवतो. हे बरोबर की भित्रेपणाचं, यावर आमच्यात अजून वाद होतो.

कागद टिकवण्याची मला वाटली होती तेवढी चिंता करावी लागली नाही. हातकागद आणि काजळीची शाई दोनशे वर्षांनीही ठणठणीत. आमच्याकडची १९५० नंतरची वर्तमानपत्रं मात्र हातात घेतली की पापडासारखी मोडतात. शत्रू दोनच, ओल आणि कसर. कुणीतरी लॅमिनेशन सुचवलं, ते कधीही करू नये. एकदा प्लॅस्टिक चिकटलं की कागद परत मोकळा होत नाही. कसरीसाठी गावातल्या आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर कामी आला. पावसाळ्यात तो रिकामाच असतो. कोरडे रुमाल प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे आत. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर कागदावर दव बसतं. आइस्क्रीमवाल्यानं भाडं घेतलं नाही. फक्त म्हणाला, "बाई, गिऱ्हाइकाला सांगू नका."

काही गोष्टींना आम्ही नाही म्हणायला शिकलो. नांगरताना मिळालेली नाणी एक जण घेऊन आला, त्याला तहसील कचेरीत पाठवलं. १८७८ च्या कायद्यानुसार असं जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आम्ही ठेवून घेतलं तर आम्हीच अडचणीत. ओढ्याकाठी एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची कोरीव शिळा, आहे. खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. मुलींना ती संग्रहालयात हवी होती. तिथल्या वस्तीनं विचारलं, "आमचा द्येव न्येताय व्हय?" शेंदूर थोडा कमी लावा एवढं सांगून, फोटो आणि मापं घेऊन आम्ही परतलो. शेंदूर कमी झालेला नाही.

नवी नोंदवही आता अर्धी भरलीय. क्रमांक चिठ्ठीवरच न ठेवता सुती फितीवरही लिहून वस्तूला बांधतो, वहीची छायाप्रत पोस्टमास्तरांच्या घरी असते. नऊ अडकित्त्यांपैकी ४१ कुठला ते लागलं नाही. नऊही एका ताटात मांडलेत आणि पुढे मास्तरांची ओळ, 'यांपैकी एक' असं लिहून.

शेऱ्याचा रकाना मी मोठा आखून घेतला. वस्तूला आमच्याकडे आल्यावर काय झालं तेही त्यात लिहितो. घटिकापात्रासमोर गेल्या महिन्यात लिहिलं: 'चिंचेने घासले. मूळ चिठ्ठी टाकून दिली. दोन्ही माझ्या हातून.' पोस्टमास्तरांनी वाचलं, चश्मा वर केला आणि म्हणाले, "खाली सही आणि तारीख राहिली, बाई."