‘रसद’, नोंद ११: फेब्रुवारीचा पेच सुटला, आणि तो पिठात नव्हताच

‘रसद’ हा मी बनवत असलेला पटावरचा खेळ: अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या सैन्याने पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्जला काढलेल्या हिवाळ्यात त्याला अन्न पुरवण्याचा. परवा रात्री पावणेएक वाजता, सोळाव्या प्लेटेस्टमध्ये (चाचणीच्या खेळात), व्हॅली फोर्जची छावणी पहिल्यांदा योग्य वेळी उपाशी राहिली. नववा टर्न. आपला पहिला टर्न १९ डिसेंबर १७७७ ला सुरू होतो आणि प्रत्येक टर्न एका आठवड्याचा, म्हणजे फेब्रुवारी १७७८ चा मधला आठवडा. खरं संकट नेमकं तेव्हाच आलं होतं. मी एकही कार्ड ओढलं नव्हतं, फासे वाकडे पडले नव्हते. हिशेबातूनच सैन्य हळूहळू उपाशी होत गेलं. मी खुर्चीवरून उठलो, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो आणि परत येऊन पटाकडे बघत बसलो.

नोंद ७ पासून वाचणाऱ्यांना हे दुखणं माहीत आहे. सैन्य एक तर तिसऱ्या टर्नलाच कोसळायचं, नाही तर जूनपर्यंत पोटभर जेवत राहायचं. मधलं काही घडतच नव्हतं. दोन-तीन जणांनी सुचवलं होतं, की ‘उपासमार’ नावाचं इव्हेंट कार्ड करून नवव्या टर्नला उलटायचं. त्यांचं म्हणणं समजतं, पण मला ते आजही पटत नाही. कार्डावर लिहिलंय म्हणून सैन्य उपाशी राहणार असेल, तर खेळणाऱ्याच्या हाती काय उरलं? या खेळात आपण सेनापती नाही, कोठी सांभाळणारे आहोत. कोठी रिकामी का होते हे खेळता खेळता हाताला कळलं पाहिजे.

सुरुवातीचा साठा पहिल्यापासून पक्का होता. वॉशिंग्टनने २३ डिसेंबरला अमेरिकन काँग्रेसला (बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधीसभेला) लिहिलेल्या पत्रात आहे, की छावणीत कापायला एकही जनावर नाही आणि पिठाची पिंपं पंचवीसहून जास्त नाहीत. एका पिंपात १९६ पौंड पीठ, म्हणजे सगळं मिळून ४,९०० पौंड. सैन्य बारा हजारांच्या आसपास. नोव्हेंबर १७७५ च्या ठरावाप्रमाणे माणशी रोज एक पौंड पीठ किंवा पाव आणि एक पौंड गोमांस. पंचवीस पिंपं अर्धा दिवससुद्धा पुरत नाहीत. त्याच पत्रात २,८९८ माणसं अनवाणी आणि उघडी असल्यामुळे कामाला निकामी झाल्याचा आकडा आहे. तो मी पटाच्या कोपऱ्यात छापलाय आणि तो तिथेच राहणार. रसद तुटली की काय होतं, हे पानिपत ऐकत वाढलेल्यांना सांगायला नकोच.

पण पानिपतावर शत्रूने रसद कापली होती. इथे तसं नव्हतं. पेनसिल्व्हेनिया धान्याचा मुलूख, न्यू जर्सी आणि मेरीलँड शेजारी, कनेक्टिकटात गुरं. सेनापती हॉवचं ब्रिटिश सैन्य फिलाडेल्फियात बसलेलं, आणि भोवतालचे बरेच शेतकरी रोख नाण्याच्या ओढीने तिकडे माल नेत होते. माल होता, तरी छावणीत पोचत नव्हता. हे मी वाचलं होतं, नियमपुस्तिकेच्या प्रस्तावनेत लिहिलंही होतं, पण पटावर ते उतरत नव्हतं. माझ्या गाड्या पेनसिल्व्हेनियातल्याच लँकेस्टर गावाहून निघायच्या, व्हॅली फोर्जला पोचायच्या, वीस पांढरे मणी (म्हणजे पीठ) ओतायच्या आणि परत जायच्या. चिखलासाठी मी फक्त वेग कमी केला होता. त्यामुळे पीठ उशिरा यायचं, पण यायचं सगळं.

गाठ सोडवली ती मामाने. लग्नाच्या निमित्ताने तो आठवडाभर आमच्याकडे होता. बारा-चौदा हंगाम त्याने साखर कारखान्याला बैलगाडीने ऊस घातलाय. एका संध्याकाळी पटासमोर बसून मी गाड्या पुढेमागे सरकवताना बघत राहिला आणि म्हणाला, “काय रे, हे घोडे खातात काय?” मी म्हटलं, वाटेत मिळेल ते. तो म्हणाला, “थंडीत? दोन सैन्यं जाऊन आलेल्या रस्त्यावर? आम्हाला फडात वाडं मिळायचं म्हणून बरं. नाही तर गाडीवर आधी वैरण चढते, मग माल. आणि येतानाच्या वैरणीचं काय? बैल परत उपाशी येतात होय?”

मी त्याच रात्री हिशेब मांडला. माझ्या तक्त्यात घोड्याला दिवसाला १४ पौंड गवत आणि १० पौंड दाणा धरलाय. चार घोड्यांची गाडी, २,००० पौंड भार. म्हणजे गाडीमागे रोज ९६ पौंड वैरण. लँकेस्टर ते छावणी अंतर मी पन्नास मैलांच्या आसपास धरतो. रस्ता चांगला असेल तर जाऊन-येऊन सात दिवस, ६७२ पौंड वैरण गाडीवरच जाते आणि पिठासाठी १,३२८ पौंड उरतात. चिखलात हीच फेरी बारा दिवसांची झाली, की वैरण १,१५२ पौंड आणि पीठ फक्त ८४८.

खरा धक्का पुढे आहे. छावणीला रोज १२,००० पौंड पीठ हवं. चांगल्या रस्त्यावर त्यासाठी साधारण ६३ गाड्या सतत फिरत्या लागतात, अडीचशे घोडे. चिखलात १७० गाड्या लागतात, ६८० घोडे. तेही फक्त पिठासाठी. मांस, मीठ, कपडे, तंबू अजून यातच नाहीत, आणि छावणीतल्या तोफांचे, घोडदळाचे घोडे वेगळे. मी इतके महिने वेग अर्धा करत होतो आणि मला वाटत होतं, गाड्या दुप्पट लागतील. त्या पावणेतीन पट लागतात. तो वरचा पाऊण भाग माझ्या पटावर कुठेच नव्हता.

आता नवा नियम. एक गाडी-काउंटर म्हणजे दहा गाड्या, वीस खळगे, खळग्यात एक मणी म्हणजे हजार पौंड. निघताना आधी पिवळे मणी भरायचे (वैरण), उरलेल्या खळग्यांत पांढरे (पीठ). कोरड्या रस्त्याला सात पिवळे, तेरा पांढरे. चिखलाला बारा पिवळे, आठ पांढरे. रस्त्यालगतच्या मुलखात वैरण शिल्लक असेल तर काही पिवळे वाचतात. पण १७७७ च्या शरदात दोन्ही सैन्यांनी तो भाग धुवून नेलेला, त्यामुळे वैरण शिल्लक असल्याचे खूण-ठोकळे डिसेंबरातच उलटे ठेवलेले असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लँकेस्टरला पिवळे मणी कमी पडले तर घोडे मरतात. घोडे मेले की गाड्या कमी, गाड्या कमी की पुढच्या खेपेला वैरणच वाहून आणता येत नाही. व्हॅली फोर्जला शेकडो घोडे मेले ते असेच.

सोळाव्या टेस्टमध्ये पाचव्या टर्नला पटावर बारा काउंटर होते, नवव्याला पाच. त्यातले दोन आले तेव्हा खळग्यांत पिवळाच रंग दिसत होता, पांढरे कडेला लागलेले. हे दृश्य बघायला मी दीड वर्ष थांबलो होतो.

खळग्यांवरून सामानाचं. लेसर कटिंगवाल्याकडून ३ मिमी एमडीएफचे ट्रे करून घेतले, तर भोकं जवळपास एक मिमी लहान आली. फाइल बरोबर होती, मी पुन्हा मोजली. दुसरा लॉट करून द्यायला तयार नव्हते. शेवटी हातड्रिलने चोवीस ट्रेंची चारशे ऐंशी भोकं मोठी केली, तीन रात्री गेल्या. पुढच्या वेळी पूर्ण ऑर्डरआधी एकच नमुना कापून घ्या, पैसे जास्त पडले तरी. मणी तुळशीबागेतले, वजनावर मिळतात, रंग जात नाही, मी पूर्ण समाधानी आहे. कार्डांसाठी अप्पा बळवंत चौकात ३०० जीएसएमचा मॅट कागद मिळाला. चकचकीत कागद या खेळाला घेऊ नका, दिव्याखाली आकडे वाचता येत नाहीत.

आता हे लिहिता लिहिता एक गोष्ट सुचतेय आणि ती आत्ताच मांडतो. मांस आणि पीठ मी एकाच गाडीवर टाकतोय, हे चूक आहे. गुरं स्वतःच्या पायांनी येतात! कनेक्टिकटातून कळप हाकतच आणले जात. त्यांना गाडी लागत नाही. मात्र वाटेत चरायला हवं, थंडीत वजन उतरतं, आणि पोचल्यावर लगेच खायची, कारण खारवून ठेवायला मीठ हवं आणि ब्रिटिश नाकेबंदीत मिठाचीच टंचाई. म्हणजे गुरांचा ट्रॅक वेगळा हवा, गाड्यांपासून पूर्ण सुटा, आणि त्याला ‘मीठ’ जोडलेलं. तपकिरी ठोकळे पडून आहेतच. प्रत्येक टर्नला कळप एक चौकोन पुढे, दर दोन चौकोनांना एक ठोकळा कमी. हे उद्याच करून बघतो.

पावाचाही एक हिशेब बदललाय. ख्रिस्तोफर लुडविक या फिलाडेल्फियातल्या जर्मन भटारखानेवाल्याला काँग्रेसने मे १७७७ मध्ये सैन्याच्या भटारखान्यांचा प्रमुख केलं. त्याची गोष्ट सांगतात ती अशी: शंभर पौंड पिठामागे शंभर पौंड पाव दे, असं त्याला सांगितलं, तेव्हा त्याने शंभराला एकशे पस्तीस पौंड देईन म्हणून सांगितलं, कारण कणकेत पाणी पडतं आणि ते वजन कंत्राटदार आजवर खिशात घालत होते. घरात रोज पीठ मळलं जातं, तरी मी दीड वर्ष तक्त्यात पीठ आणि पाव एकास एक धरले होते. आता लुडविकचं कार्ड हाती असेल तर पाव १३५, नसेल तर १००. या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो आणि त्याचं चित्र मी स्वतः काढणार आहे.

उरला खुर्चीचा प्रश्न. क्वार्टरमास्टर जनरल थॉमस मिफ्लिनने ऑक्टोबर १७७७ मध्ये राजीनामा दिला आणि नॅथनेल ग्रीनची नेमणूक थेट २ मार्च १७७८ ला झाली. संबंध हिवाळा गाड्या, घोडे आणि वैरण बघणारं खातं धन्यावाचून. अन्नखात्यातही तेच. जून १७७७ मध्ये काँग्रेसने खरेदी आणि वाटप अशी दोन खाती केली, जनावराच्या रंगाखुणांपर्यंत नोंदी मागितल्या आणि कमिशनऐवजी पगार ठरवला. खात्याचा प्रमुख जोसेफ ट्रंबुल सोडून गेला, विल्यम ब्यूकॅनन आला, आणि ते जेरेमाया वॉड्सवर्थच्या हाती जाईतो एप्रिल उजाडला. आतापर्यंत मी यासाठी ‘प्रशासन −२’ असा कोरडा आकडा ठेवला होता. तो काढतोय. क्वार्टरमास्टरची जागा रिकामी असेल तोवर खेळणाऱ्याला नवे घोडे विकत घेताच येणार नाहीत, फक्त आहेत ते फिरवायचे. मेलेला घोडा मेलाच.

मग नवव्या टर्नला करायचं काय? जे झालं तेच. १२ फेब्रुवारीला वॉशिंग्टनने ग्रीनला मुलखात पाठवलं, मिळतील त्या गाड्या, गुरं, वैरण उचलून आणायला. अँथनी वेन डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत गेला, हेन्री ली दक्षिणेला डेलावेअर राज्याकडे. शेतकऱ्यांनी घोडे आणि गाड्या दलदलीत, रानात लपवले, कारण हातात मिळणार होत्या त्या पावत्या. खेळात ही चाल तीन काउंटर वैरण देते आणि ‘शेतकरी’ ट्रॅक दोन घरं खाली आणते. सोळाव्या टेस्टमध्ये मी ती एक टर्न उशिरा केली आणि सैन्याचा पाचवा हिस्सा गमावला. दोन घरं पुरेशी नाहीत असं वाटतंय, तीन करून बघेन.

ग्रीन खुर्चीवर आल्यावर मात्र खेळ बदलतो, आणि बदलायलाच हवा. रस्ते-पूल दुरुस्त, वाटेवर वैरणीचे साठे. साठा असलेल्या चौकोनातून गाडी गेली की तिथले पिवळे मणी तिथेच मिळतात, गाडीवर पांढऱ्यांना जागा होते. बाराव्या टर्नपासून मी एकेक साठा मांडत गेलो तसं ट्रे पांढरे होत गेले. १९ जूनला छावणी हलली तेव्हा पटावर एकोणीस काउंटर होते.

मॉरिसटाउनचा, म्हणजे १७७९-८० च्या हिवाळी छावणीचा, विस्तार यंदा करायचा असं मी नोंद ९ मध्ये म्हटलं होतं. तो पुढे ढकलतोय. तिथे बर्फ आहेच, पण त्याहून मोठी अडचण पैशाची आहे. मार्च १७८० मध्ये काँग्रेसने कागदी डॉलर चाळीसास एक असा उतरवला, आणि त्यासाठी आधी चलनाचा ट्रॅक नव्याने बांधावा लागेल. आधी गुरं आणि मीठ.

सतरावी टेस्ट शनिवारी संध्याकाळी. मामा गावी गेलाय, पण फोनवर त्याने एक प्रश्न टाकून ठेवलाय: नाल कोण ठोकतं, आणि लोखंड कुठून येतं? चिखलात नाल निघतात, हे तर माझ्या डोक्यातच नव्हतं. कुणाकडे काळे मणी जास्तीचे असतील तर कळवा, मला साधारण साठ लागतील.