शंभर किलोमीटरची राइड: एका फाट्यावर जोडलेले दोन फेरे

सरावासाठी 100 किलोमीटरचा रस्ता हवा असेल, तर 50 किलोमीटर जाऊन त्याच वाटेने परतणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. मात्र त्यात पाय दुखावले किंवा टायर फाटला, तर घर 50 किलोमीटरवर असू शकते. एकच मोठा गोल फेरा याहून बरा असतो. 100 किलोमीटर परिघाच्या वर्तुळाचा व्यास साधारण 32 किलोमीटर भरतो आणि रस्ते वळणावळणाचे असल्यामुळे प्रत्यक्षातले सर्वांत दूरचे टोक त्याहूनही जवळ येते. तरीही अर्ध्यावर विचार बदलला, तर पुढे जा किंवा मागे फिरा, उरलेले अंतर सारखेच असते. म्हणून या वेळी मी घरापासून 8 किलोमीटरवरचा एक फाटा मध्ये धरला आणि त्याच्या दोन बाजूंना दोन फेरे आखले: एक 34 किलोमीटरचा सपाट, दुसरा 50 किलोमीटरचा चढाचा. जाण्यायेण्याचे 16 धरून 100 पूर्ण होतात. फक्त पहिला फेरा केल्यास 50, फक्त दुसरा केल्यास 66, आणि पहिलाच दोनदा केल्यास 84.

आरंभबिंदू, अंतर आणि दिशा दिली की गोल मार्ग आखून देणारी साधने आता अनेक अ‍ॅपमध्ये असतात. त्यांचा उपयोग मी केवळ कोणत्या दिशेला रस्ते आहेत हे पाहण्यापुरता केला, कारण मागितलेला आकडा गाठण्यासाठी ही साधने कधीकधी वस्तीतल्या गल्ल्या किंवा शेतातली पायवाटही मार्गात जोडतात. त्यानंतर स्ट्राव्हा या राइड नोंदवण्याच्या अ‍ॅपच्या हीटमॅपवर, म्हणजे जास्त वापरातले रस्ते ठळक दाखवणाऱ्या नकाशावर, इतर सायकलस्वार कोणते रस्ते वापरतात ते तपासले, शंका असलेल्या ठिकाणी उपग्रहचित्र पाहिले आणि मगच मार्ग पक्का केला. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशात रस्ता डांबरी की कच्चा याची नोंद असते. नोंद नसेल तर रस्ता चांगलाच असेल असे गृहीत धरू नये.

पहाटे निघून पहिले 8 किलोमीटर हलक्या गिअरवर पाय मोकळे करण्यात गेले. सपाट फेऱ्यात एकही सिग्नल किंवा मोठा चौक नसलेला 10 किलोमीटरचा सलग पट्टा आहे, आणि तोच या मार्गाचा खरा ऐवज. ताशी 30 किलोमीटरच्या वेगाने सलग 20 मिनिटे जोर लावायचा असेल, तर नेमका एवढाच मोकळा रस्ता लागतो. असा पट्टा आधी शोधावा आणि बाकीचा मार्ग त्याच्याभोवती बसवावा, असे माझे ठाम मत आहे. एकूण अंतर नंतर जुळवता येते, असा पट्टा मात्र जुळवून मिळत नाही.

फाट्यावर परत आल्यावर पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि चढाचा फेरा सुरू केला. नकाशाने या फेऱ्यात 600 मीटर चढ दाखवला होता. अशा आकड्यांमागे बहुधा उपग्रह किंवा अंतराळयानातून मोजलेली उंची असते. सन 2000 मधल्या स्पेस शटल या अंतराळयानाच्या मोहिमेत मोजलेली उंची अजूनही अनेक ठिकाणी वापरली जाते. तिच्यातले बिंदू एकमेकांपासून 30 किंवा 90 मीटरवर असल्यामुळे डोंगराच्या कडेने जाणाऱ्या सपाट रस्त्यावरही नसलेले चढउतार मोजले जातात. पायांना जाणवलेला चढ त्यामानाने कमी होता.

वारा या फेऱ्याच्या पहिल्या अर्ध्या भागात समोरून होता, म्हणजे मला पाहिजे होता तसाच. वाऱ्यामुळे जाताना गेलेला वेळ येताना पूर्ण भरून निघत नाही: ताशी 25 च्या वेगाने 100 किलोमीटरला 4 तास लागतात, पण अर्धे अंतर ताशी 20 ने आणि अर्धे ताशी 30 ने कापल्यास 4 तास 10 मिनिटे लागतात. मला थांबे वगळून 4 तास 20 मिनिटे लागली. डावीकडून वाहतूक चालते तिथे असे फेरे घड्याळाच्या उलट दिशेने मारावेत, म्हणजे बहुतेक वळणे डावीकडे येतात आणि समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही.

चाकावरच्या सेन्सरने मोजलेले अंतर नकाशाशी जुळले नाही, तर आधी टायरचा घेर तपासावा. 700×25 (दुसरा आकडा म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी) टायरचा घेर साधारण 2105 मिलिमीटर आणि 700×28 चा 2136 मिलिमीटर असतो. जाड टायर लावून जुनाच आकडा ठेवल्यास 100 किलोमीटरमागे सुमारे दीड किलोमीटर कमी मोजले जाते. जीपीएस वापरणाऱ्यांनी दोन्ही फेऱ्यांच्या जीपीएक्स फाइल (मार्ग साठवणाऱ्या फाइल) वेगळ्या ठेवाव्यात, कारण मार्ग एकाच बिंदूवरून पुन्हा जात असला की यंत्र पुढचा फेरा सोडून थेट परतीची वाट दाखवू शकते. मार्ग चुकल्यावर नवा मार्ग आपोआप आखण्याची सोयही बंद ठेवावी, नाहीतर ठरवलेले अंतर हातचे जाते.

ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची, तयारी करणाऱ्यांना पहिला फेरा एकदा आणि दुसरा तीनदा केला की बरोबर 200 किलोमीटर मिळतात. ब्रेव्हेत त्यासाठी 13 तास 30 मिनिटांची मुदत असते आणि थांब्यांचा वेळही त्यातच मोजला जातो, तेव्हा फाट्यावरची प्रत्येक विश्रांती घड्याळ लावूनच घ्यावी. एकच चढ तीनदा चढणे कंटाळवाणे आहे, हे खरे. पण दर 50 किलोमीटरला पाणी मिळते आणि घर कधीच फार दूर नसते.